ए साइड जिथं संपते

आंबा आला. आमच्या उलव्यातल्या सोसायटीच्या गेटसमोर टेम्पो लागला आणि 'देवगड, देवगड' म्हणत कुठला कुठला आंबा खपायला लागला. सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत मी तिथंच उभी असते. पेंढ्याचा वास नाकात जातो आणि दिवस सुरू व्हायच्या आधीच मला दमल्यासारखं होतं. काय करणार? वय म्हणा, रबाळ्यापर्यंतचा रोजचा प्रवास म्हणा, नाहीतर रविवारी करंजाड्याला अक्काकडं जायचं असतं ते म्हणा. कशानं तरी माणूस दमतंच.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. फेब्रुवारीत तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आता थोडाथोडा हलतो, काठी धरून संडासापर्यंत जाते, पण वाचा गेली ती गेलीच. समोरच्याचं सगळं कळतं तिला. बोलायला गेली की 'ते... ते...' एवढंच बाहेर येतं, मग ती चिडते आणि भिंतीकडं तोंड करते. जी बाई भाजीवाल्याला घाम फोडायची, जिच्यापुढं भावोजी आयुष्यभर 'बरं' सोडून दुसरा शब्द बोलले नाहीत, ती आता पाणी हवं असलं तरी बोट दाखवते. हे बघायला भावोजी नाहीत तेच बरं. स्पीच थेरपीच्या बाई येतात, कपाचं चित्र दाखवतात, कंगव्याचं दाखवतात. त्यांनी स्पष्टच सांगून टाकलंय, पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल ते येईल, नंतर अवघड होत जातं. एप्रिल निम्मा सरला तरी एक शब्द आला नव्हता.

आणि त्या घरात मृण्मयी. अक्काची सून, संगमेश्वराकडची पोर, डिसेंबरात लग्न होऊन आलेली. सासू-सुनेची नीट ओळख व्हायच्या आत सासूचं बोलणं बंद. अमोल, म्हणजे अक्काचा मुलगा, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. ही घरी बसून लॅपटॉपवर कंपनीचं काम करते आणि मधल्या वेळात सासूचं. एका रविवारी मी ओट्याशी चहा टाकत होते तर माझ्यामागं येऊन उभी राहिली.

"मावशी, आईंना गाणी आवडायची का हो? त्या बाई म्हणाल्या, ज्यांना बोलता येत नाही त्यांना कधी कधी गाण्यातून शब्द येतात. मी भक्तिगीतं लावून बघितली, भावगीतं लावली. ढिम्म."

"भक्तिगीतं? अक्काला?" मला हसूच आलं. "अगं बाई, तुझी सासू इंग्लिश बँडवाली आहे."

तिनं दारातून बाहेर बघितलं. कॉटवर अक्का गाऊन घालून, केसांची शेपटी पुढं घेऊन बसली होती. "आई? इंग्लिश?"

"एकच बँड. पण तोच."

"मग कुठून सुरू करू ते सांगा. मला त्यातलं काही म्हणजे काही माहीत नाही." मग म्हणाली, "आणि आईंचंही मला काही माहीत नाही हो. बोलायचं सगळं राहूनच गेलं." आणि ती चहाचे कप पुसायला लागली. कप कोरडेच होते.

आता आली का पंचाईत! माझ्या माहितीत तो बँड म्हणजे साठ मिनिटांची एक कॅसेट. फोनवर बघावं तर त्यांची शेकड्यांनी गाणी. पहिली, मधली, शेवटची, मैफलीतली, बिघडलेली, पुन्हा दुरुस्त केलेली. नवख्या माणसानं शिरायचं तरी कुठून? पण पोरीनं एवढं विचारलं होतं, तर मी कंबर कसली.

पहिलं म्हणजे, म्हटलं, ते सगळ्यांना माहीत असलेलं गाणं लावायचं नाही. तेच ते, मॉलमध्ये वाजतं, लग्नाच्या संगीतात मामे-चुलते ज्याच्यावर उड्या मारतात ते. ते आमच्या कॅसेटवर नव्हतंच, त्यामुळं अक्काच्या लेखी ते त्या बँडचं गाणंच नव्हे. दुसरं, व्हिडिओ बघायचे नाहीत. कुठल्याशा थंड मुलखातली ती चार माणसं, तीन बाप्ये आणि एक बाई. आमच्या कॅसेटवर त्यांच्या फोटोची झेरॉक्स होती, म्हणजे चार काळे डाग. त्यातली बाई उंच असणार आणि कुणाच्या बापाला भीक घालत नसणार, असं अक्कानं आवाजावरून ठरवून टाकलं होतं. मृण्मयीनं फोनवर दाखवली तर बुटकी, गुबगुबीत, हसरी. मला उगीचच फसवल्यासारखं वाटलं.

आणि अर्थ शोधत बसायचं नाही. आमचं इंग्लिश 'मे आय गो टू टॉयलेट'च्या पुढं गेलेलं नव्हतं, त्यामुळं गाण्यांना आम्हीच नावं दिली. एक शिट्टीचं. एक पायऱ्यांचं, कारण त्यात पियानो पायऱ्या उतरल्यासारखा खाली खाली येतो. एक भांडणाचं, त्यात ती बाई आणि त्यातला एक जण एकमेकांना बोलूच देत नाहीत. एक आण्णांचं. खरी नावं मला आजही तोंडपाठ नाहीत. मग ती गाणी सापडणार कशी? त्या आठवड्यात मी बसमधून मृण्मयीला फोन करून चाली गुणगुणून दाखवत होते. शिट्टीचं तर शिट्टी वाजवूनच दाखवावं लागलं. पॅकिंगमधल्या बायका मागं वळून बघायला लागल्या. "मॅडम, तब्येत बरी हाय ना?" एकीनं विचारलं. बरी कुठली?

आण्णा म्हणजे आमचे वडील. सातारा जिल्ह्यातून आलेले, वाशीच्या फळ मार्केटात माथाडी. आंब्याच्या सीझनला गाड्या रात्री लागायच्या, रातभर डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पेट्या. सकाळी आण्णा कोपरखैरण्याच्या खोलीत यायचे ते अंगाला आंब्याचा, घामाचा आणि पेंढ्याचा वास घेऊनच. हातातल्या पिशवीत दबलेले, डागी आंबे. भाकरी खाऊन जे आडवे व्हायचे ते उन्हं उतरेपर्यंत. मार्केटच्या माणसाच्या घरात सीझनला दुपारी भांडं वाजवायचं नसतं. आई नळाखाली कापड बांधायची, म्हणजे बादलीत पाणी पडल्याचा आवाज नको. आम्ही दोघी खोलीत पाय चोरून चालायचो. आमची सगळी उन्हाळ्याची सुट्टी अशी कुजबुजत गेलेली आहे.

त्यातला एकच उन्हाळा मला लख्ख आठवतो, आणि तो या कॅसेटचा. अक्काची बारावी झाली होती आणि ती वाशीला टायपिंगला जायची. तिथल्या फिलोमिना नावाच्या मैत्रिणीकडं या बँडच्या खऱ्या कॅसेटी होत्या. त्या चार दिवसांच्या बोलीवर आणून अक्कानं गाणी भरून देणाऱ्या दुकानदाराकडं दिल्या आणि एक कोरी साठची भरून घेतली. मामानं दिलेला टेप आमच्याकडं होता. आता ऐकायचं कसं? आण्णा दोन हातांच्या अंतरावर झोपलेले.

युक्ती अक्काची. आंब्याची रिकामी लाकडी पेटी पालथी घातली, तिच्यावर टेप ठेवला, आवाज एवढा बारीक केला की आईलासुद्धा ऐकू येऊ नये, आणि आम्ही दोघी दोन बाजूंनी जमिनीवर पडून पेटीच्या फळीला कान लावले. अहाहा! आत सगळं भरून वाजायचं. ढोल तर फळीतून थेट दातांत यायचा. तोंडासमोर पेंढ्याच्या काड्या, कोपऱ्यात पोत्याखाली आंबे पिकत घातलेले, चिकानं हाताला खाज सुटलेली, घामानं परकर चिकटलेला, आणि पेटीच्या पोटात ती परदेशी बाई भांडतीय. मृण्मयीला म्हटलं, हा बँड मोठ्यानं ऐकायचा नसतो. ती हसली, पण मी चेष्टा करत नव्हते. बाकी जग त्यांना कर्णे लावून ऐकत होतं, त्याला आमचा इलाज नाही.

एका दुपारी आण्णा झोपेतच म्हणाले, "आगं पोरींनो, ह्ये कोन रडतंय?" आमची पाचावर धारण बसली. पण ते डोळे न उघडता कुशीवर वळले आणि त्यांच्या पायाचा अंगठा तालात हलायला लागला. तेच ते आण्णांचं गाणं.

आणि त्याच्यानंतरचं, ए साइडचं शेवटचं, अर्धं गाणं. त्याचं नावच अर्धं. त्या दुकानदारानं मोजमाप न करता गाणी भरली होती आणि शेवटच्याला टेप पुरलीच नाही. ती बाई आवाज चढवत चढवत वर जाते, आता काहीतरी होणार म्हणून आपण श्वास धरतो, आणि खट्. बटण वर. संपलं. अक्का मला घेऊन तरातरा त्याच्या दुकानात गेली. "अहो, अर्धंच भरलंय!" तो कान कोरत होता. म्हणाला, "ताई, पुढं सेमच आहे. तेच तेच परत म्हणतात." अक्कानं त्याला असा काही झापला की समोरचा रसवाला मशीन थांबवून ऐकत राहिला, पण कॅसेट काही त्यानं पुन्हा भरून दिली नाही, आणि खऱ्या कॅसेटी फिलोमिनाकडं परत गेल्या होत्या.

मग आम्हाला त्याचीच सवय झाली. तो वर चढणारा आवाज, खट्, आणि लगेच पेटीच्या पलीकडून अक्काची कुजबूज, "पलट." टेपचं झाकण माझ्या बाजूला होतं म्हणे. झाकण दोघींच्या मधोमध होतं! पण थोरलीनं सांगायचं आणि धाकटीनं उठायचं, हा आमच्या घरचा कायदा. "दरवेळी मीच का?" मी तशीच कुजबुजत म्हणायचे. पुन्हा नुसतं "पलट." मी उठून कॅसेट उलटी घालायचे, शिट्टीचं सुरू व्हायचं आणि मी पुन्हा फळीला कान लावायचे. अख्खा उन्हाळा हेच. जूनमध्ये अक्काला बघायला पाहुणे आले, दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. टेप माझ्याकडं राहिला, पण एकटीनं पेटीला कान लावून पडायला मला कसंतरीच वाटायचं. पुढं कॅसेटीला बुरशी आली.

हल्ली मी बसमध्ये कानात घालून त्यांची शेवटची गाणी ऐकते. भांडून वेगळे झाल्यावर बऱ्याच वर्षांनी पुन्हा जमले होते तेव्हाची. जाणकार म्हणे नाकं मुरडतात. आवाज बसलेत, उंच जागा त्या बाईला गाठता येत नाहीत, ती त्या बाजूनं वळसा घालून जाते. चौघं दमलीत हे कळतं. नवख्या माणसाला मी ही मुळीच सांगणार नाही. पण शिफ्ट संपवून, पाय सुजलेले, खाडीवरून बस चाललेली, डोक्यावरून विमान उतरतंय, अशा वेळी मला तीच बरी वाटतात. निदान ती उड्या मारायला सांगत नाहीत.

पुढच्या रविवारी मृण्मयीनं सगळी तयारी ठेवली होती. गाणी मी सांगितलेल्या क्रमानं लावलेली, आणि अमोलनं लग्नात मिळालेला मोठा स्पीकर काढून दिलेला. अक्काला उशीला टेकवून बसवलं आणि गाणं सुरू केलं. सबंध इमारतीला ऐकू गेलं असेल. अक्कानं चमकून माझ्याकडं बघितलं. ओळखलं तिनं, शंकाच नाही. पायऱ्यांचं झालं, भांडणाचं झालं. मृण्मयी तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती, रिझल्टच्या दिवशी पोरं बोर्डाकडं बघतात तशी. अक्काचे ओठ हलले. "ते... ते..." मग तेही थांबलं.

मग अर्धं आलं. बाई चढत गेली, मी श्वास धरला, आणि ते गाणं थांबलंच नाही. पुढं गेलं. आणि तेच तेच परत कुठलं? पुढं ढोल बंद, चाल बदललेली, एक बाप्या एकटाच हळू आवाजात काहीतरी सांगतोय, मग ती बाई त्याला सामील होते. वेगळंच गाणं हो! चांगलंच असणार. पण मला त्या दुकानदाराचाही राग आला आणि त्या गाण्याचाही. आमच्या घरात कुणी परकं माणूस येऊन आतल्या खोलीत बसल्यासारखं वाटलं. अक्कानं कपाळाला आठी घातली आणि भिंतीकडं तोंड केलं.

मृण्मयीनं स्पीकर बंद केला. "नाही जमणार बहुतेक," ती म्हणाली. मला तिला धीर द्यायला हवा होता. पण मीच एवढी गळाले होते की कसाबसा तिच्या पाठीवर हात ठेवला आणि रिक्षा बघायला खाली उतरले.

त्याच्या पुढच्या रविवारी जायचा मला खरंच कंटाळा आला होता. रिकाम्या हातानं जायला नको म्हणून आंबे घेतले. हल्ली सगळे पुठ्ठ्याचे खोके असतात, पण टेम्पोवाल्याकडं तळाला लाकडी पेट्या होत्या. म्हटलं दे एक. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले तर फळ्या मांडीला टोचत होत्या.

मृण्मयीनं आंबा उचलून वास घेतला. "मावशी, ह्याला हापूस म्हणतात होय तुमच्याकडं?"

"तुमच्या संगमेश्वराचा आण मग. आम्ही कुठं नको म्हणतो?"

अक्का गालातल्या गालात हसली. महिन्यात पहिल्यांदाच हसली असेल. जेवणं झाली. रस झाला. अक्कानं डाव्या हातानं कोय चोखून चोखून पांढरी केली. अमोल आत झोपायला गेला, आठवडाभराचं जागरण असतं त्याचं. मी पेंढा झाडून पेटी मोकळी केली आणि फोन ठेवायला काहीतरी हवं म्हणून अक्काच्या कॉटजवळच पालथी घातली. खरं सांगते, मनात काही योजना वगैरे नव्हती. मृण्मयी म्हणाली, "लावू का? हे झोपलेत पण."

"बारीक लाव," मी म्हटलं. "एकदम बारीक."

फोन पेटीवर ठेवला तसा तो आवाज फळ्यांतून आला. जाडसर, पोटातून. मी जमिनीवर बसले होते, ती बसल्या जागी कलंडले आणि फळीला कान लावला. गुडघे कुरकुरले, पण लावला. आत ती बाई भांडत होती. वर बघितलं तर अक्का कुशीवर सरकून कॉटच्या कडेला आली होती. कान पोचत नव्हता, म्हणून तिनं डावा तळहात पेटीवर ठेवला होता, सपाट. डोळे मिटलेले. पेंढ्याच्या दोन काड्या तिच्या बाहीला चिकटलेल्या. आण्णांचं गाणं लागलं तेव्हा तिची बोटं हळूच आपटायला लागली. मृण्मयी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हातात रसाची वाटी तशीच.

अर्धं सुरू झालं. मला पुढचं ऐकायचं नव्हतं, त्या एकट्या बाप्याचं ते अजिबात ऐकायचं नव्हतं. बाई चढायला लागली, चढली, आणि आता खट् व्हायला हवं तिथं माझा हात आपसूक गेला. मी गाणं थांबवलं.

खोलीत काही वाजेना. आत अमोल घोरत होता तेवढंच.

"पलट," अक्का म्हणाली.

कुजबुजतच म्हणाली. पण तो शब्द ती कधी मोठ्यानं बोललीच नव्हती, त्यामुळं त्यात काही उणं नव्हतं. जसाच्या तसा होता. मृण्मयीच्या हातातली वाटी कलली आणि रस फरशीवर सांडला. "मावशी, आई काय म्हणाल्या? आई बोलल्या ना? कशाला पलट म्हणाल्या?" मला तिला सांगायचं होतं, पण माझ्याच तोंडातून 'ते... ते...' एवढंच बाहेर आलं. त्या क्षणी त्या घरात वाचा असलेली बाई एकच होती, आणि ती कॉटवर आडवी होती.

अक्कानं डोळे उघडले. मी अजून जागची हलले नाही हे बघून तिच्या कपाळावर ती जुनी आठी आली.

"पलट."

फोनला दुसरी बाजू असते कुठं? मी डोळे पुसले, शिट्टीचं शोधून लावलं.

"दरवेळी मीच का?" मी म्हटलं, आणि फोन उचलून पेटीवर पालथा घातला.